आदिमानव फक्त मांस खायचा? त्याची विष्ठा तसं म्हणत नाही

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय. सार असं: आदिमानव लाखो वर्षं निव्वळ मांसावर जगला, धान्य त्याच्या पोटात गेलं ते 10 हजार वर्षांपूर्वी शेती आल्यावर, हाडांच्या तपासणीतून हे सिद्ध झालंय, आणि किडके दात नि हृदयविकार धान्यामागोमाग आले. सबब धान्य सोडा. कोणी काय सोडावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण प्राचीन माणसाच्या नावावर जे खपवलं जातंय, ते तपासू.

'हाडांतून सिद्ध झालंय.' अर्धं खरं. हाडातल्या कोलॅजन या प्रथिनात नायट्रोजन-15चं (नायट्रोजनच्या जड प्रकाराचं) प्रमाण मोजतात. अन्नसाखळीत वर गेलं की ते वाढतं. युरोपातल्या निअँडरथलांमध्ये (माणसाची नामशेष झालेली एक जवळची जात) ते मांसाहारी प्राण्यांच्या तोडीचं निघालंय. म्हणजे ते मांस भरपूर खात, यावर वाद नाही. पण ही मोजणी मुख्यतः प्रथिनं कुठून आली एवढंच सांगते. कंदमुळांत प्रथिनं नावापुरती. रोज टोपलीभर कंद रिचवले तरी हाडात त्यांची नोंद फारशी उमटत नाही.

'निव्वळ मांस.' इथे दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो जरा घाणेरडा आहे. स्पेनमधल्या एल साल्ट इथे सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी निअँडरथल राहत. तिथल्या चुलींच्या मातीत त्यांच्या विष्ठेचे रासायनिक अंश सापडल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. मांसातल्या कोलेस्टेरॉलचं आतड्यातले जिवाणू कोप्रोस्टॅनॉल करतात. वनस्पतींतल्या स्टेरॉलचंही (कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतल्या पदार्थांचं) असंच रूपांतर होतं. मातीत दोन्ही खुणा निघाल्या. मांसाचं पारडं जड, पण पालाही पोटातून गेलेला.

कोरड्या गुहांत तर अख्खी विष्ठा टिकते. ती ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पातळ द्रावणात भिजत घालतात. तीनेक दिवसांत ढेकूळ मऊ पडतं, द्रावण गडद तपकिरी किंवा काळं होतं (ती माणसाची असल्याची एक खूण), आणि हजारो वर्षं झोपलेला वासही कधीकधी जागा होतो. मग चाळणीत उरतात बियांची टरफलं, माशांचे काटे; सूक्ष्मदर्शकाखाली परागकण, जंतांची अंडी. अर्थात मांस पचून जातं आणि टरफल उरतं, त्यामुळे हा साक्षीदारही शाकाहाराच्या बाजूने झुकलेला. म्हणूनच हाड आणि विष्ठा एकत्र वाचायची असतात. मजकूर लिहिणाऱ्याने सोयीचं तेवढं हाड उचललं.

'धान्य शेतीनंतरच.' हे सरळ चूक. गॅलिली सरोवराचं पाणी 1989 मध्ये ओसरलं तेव्हा ओहालो-2 ही 23 हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथे रानटी सातू आणि गहू होते, आणि दळायच्या दगडाला पिष्टाचे (स्टार्चचे) कण चिकटलेले. इराकमधल्या शानिदर गुहेतल्या निअँडरथलांच्या दातांवरच्या कीटणात तर गहू-सातूच्या कुळातल्या गवताचं पिष्ट सापडलं, त्यातलं काही शिजवलेलं. जॉर्डनमधल्या शुबायका इथे भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, वय सुमारे 14 हजार 400 वर्षं. शेतीला तेव्हा अजून चार हजार वर्षं अवकाश होता.

'किडके दात शेतीची देणगी.' मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतली माणसं शेती करत नव्हती. 15,000 ते 13,700 वर्षांपूर्वीच्या त्या सांगाड्यांतले निम्म्याहून अधिक दात किडलेले आहेत, आणि सोबत ओकची फळं नि चिलगोज्यांसारख्या बिया. पिष्ट चिकटून दात किडतात, हे मान्य. पण दोष शेतीचा नव्हे.

राहिला हृदयविकार. 2013 मध्ये 137 ममींच्या सीटी स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवरचे पाच उनांगन (तिथले मूळ रहिवासी) होते, बऱ्याच अलीकडच्या काळातले, पण सील, मासे आणि देवमाशांवर जगणारे शिकारी. पाचपैकी तिघांच्या धमन्या कठीण झालेल्या होत्या. शेती त्यांच्याकडे नव्हतीच.