खात्यात पैसे असताना जूनमध्ये लाल आकडा का? दोन तारे देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमच्या तक्रारी चार आहेत. खात्यात भरपूर पैसे असूनही आमचं बजेटचं सॉफ्टवेअर जूनमध्ये लाल आकडा दाखवून घाबरवतं. बँकेचं खातं जोडता येत नाही, सगळं हाताने भरावं लागतं. पासवर्ड विसरल्यावर आम्ही हात वर केले. आणि एवढीशी कंपनी उद्या बंद पडली तर काय? हे उत्तर इतर ग्राहकही वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लाल आकड्याचं. तुम्ही रिव्ह्यूसोबत स्वतःच्या फाइलचा स्क्रीनशॉट टाकला आहे. तो कृपया काढून टाका, त्यात पगार दिसतोय. त्यातले आकडे मीही इथे घेणार नाही. सॉफ्टवेअरसोबत नमुन्याची फाइल येते, तिच्यावरून सांगते. दुखणं तेच आहे.

नमुन्यातल्या घरात ७८,००० रुपये पगार हातात येतो, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १ मेला खात्यात १,४०,००० आहेत. घरकर्जाचा हप्ता २४,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ८,०००, घरखर्च ३२,०००, असे महिन्याचे ६४,५०० ठरलेले. म्हणजे पगारातून १३,५०० उरतात, शिवाय गाठीला शिल्लक आहेच. पण मे महिन्यात एप्रिलच्या सहलीचं क्रेडिट कार्डाचं ४६,००० चं बिल येतं, आणि सवलत हुकू नये म्हणून ९,५०० घरपट्टी भरली जाते. हे आणि नेहमीचे ६४,५०० जाऊन मेअखेर उरतात २०,०००. त्यात पगार जमा झाला की ९८,०००. जूनमध्ये नेहमीचे ६४,५००, शाळेच्या फीचा पहिला हप्ता ३०,०००, वह्या-पुस्तकं आणि गणवेश ७,५००, आरोग्य विम्याचा वर्षाचा प्रीमियम २१,०००. बेरीज १,२३,०००. म्हणून २९ जूनला उणे २५,०००.

बँकेचं ॲप १ मेला १,४०,००० दाखवतं, ते खोटं नाही. त्यातले बहुतेक पैसे आधीच कुणाचे तरी झालेले आहेत, एवढंच ते सांगत नाही. प्रत्यक्षात तुमचं बचत खातं उण्यात जाणार नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मग होतं काय, तर जूनच्या शेवटच्या आठवड्यातला किराणा कार्डावर जातो आणि जुलैच्या बिलात उगवतो. नाहीतर एखादं ऑटो-डेबिट परत जातं, आणि त्याचा दंड बँकही लावते आणि ज्याचा हप्ता चुकला तोही लावतो.

हे १ मेलाच कळलं तर हातात दोन महिने असतात. ‘जर-तर’ या टॅबमध्ये एसआयपी दोन महिने थांबवून पाहा, १६,००० सुटतात. विमा कंपनी देत असेल तर प्रीमियम सहामाही करा. वर्षाचा हिशेब थोडा महाग पडतो, पण जूनमध्ये २१ ऐवजी ११ हजारच जातात. दोन्ही केलं तर नमुन्यातलं घर अधिक १,००० वर येतं. काठावरच, पण येतं. माझं मत विचाराल तर एसआयपीला हात लावण्याआधी मी शाळेत जाऊन फीचे आणखी तुकडे करून मिळतात का ते विचारीन. आणि पुढच्या वर्षासाठी: घरपट्टी, फीचा तो हप्ता, पुस्तकं, प्रीमियम मिळून ६८,००० होतात. ते बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला साधारण ५,७००. ‘बाजूला ठेवा’ ही सोय त्यासाठीच आहे, तुमच्या फाइलमध्ये ती अजून बंद दिसते.

लाल रंग बंद करायचं बटण तुम्ही मागितलं आहे. ते आम्ही देणार नाही.

आता बँक जोडण्याचं. भारतात याचा अधिकृत मार्ग म्हणजे अकाउंट ॲग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम २०१६ मध्ये आणले आणि सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. तुमच्या संमतीने एका संस्थेकडची माहिती दुसरीकडे जाते. पण ती माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजाराची नियामक), इर्डा (विम्याची नियामक) किंवा पेन्शन नियामक यांच्यापैकी कुणाच्या तरी देखरेखीखालची असावी लागते. आम्ही कर्ज देत नाही, विमा किंवा फंड विकत नाही, त्यामुळे त्या यादीत बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्याकडून नेटबँकिंगचा पासवर्ड मागायचा. तो कुणालाही देऊ नका असं तुमची बँक सतत सांगते, आणि त्या ‘कुणालाही’मध्ये आम्हीही आलो. तिसरा मार्ग फोनवरचे एसएमएस वाचण्याचा. त्यातून गेलेले पैसे कळतात. जूनची फी कुठल्याच एसएमएसमध्ये नसते.

म्हणून आम्ही स्टेटमेंटवर थांबलो. बँकेच्या साइटवरून एक्सेल किंवा सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) उतरवा, तारीख, तपशील, नावे (गेलेले पैसे), जमा, शिल्लक हे रकाने एकदा जुळवून द्या, पुढच्या वेळी सॉफ्टवेअर ते लक्षात ठेवतं. आणि हाताने भरायचं म्हणजे रोजचा चहा-वडापाव लिहायचा नाही. तो घरखर्चाच्या एका ओळीत धरलेला असतो. भरायच्या त्या पुढच्या देण्यांच्या तारखा आणि रकमा. रिव्ह्यूवरून वाटतं की तुम्ही मागचे सगळे यूपीआय व्यवहार एकेक करून टाकत बसलात. त्याची गरज नव्हती.

पासवर्डचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. फाइलचं कुलूप तुमच्या पासवर्डवरूनच तयार होतं, त्याची प्रत आमच्याकडे येत नाही. फाइल तुमच्या संगणकावर, पासवर्ड तुमच्या डोक्यात. आम्ही ती उघडू शकलो असतो, तर लॅपटॉप दुरुस्तीला टाकल्यावर आणखी कुणी उघडू शकलं असतं. पहिल्यांदा फाइल तयार करताना ही सूचना येते आणि तिच्यावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बॅकअपलाही तोच पासवर्ड असतो, त्यामुळे तिथूनही वाट नाही. नवी फाइल करा, स्टेटमेंट घ्या, पुढची देणी भरा. पासवर्ड विम्याच्या कागदांसोबत लिहून ठेवलात तर घरातल्यांनाही उपयोगी पडेल.

कंपनी बंद पडली तर? अमेरिकेत मिंट ही घरच्या बजेटची ऑनलाइन सेवा खूप लोकप्रिय होती. तिच्या मालक कंपनीने, म्हणजे इंट्युइटने, मार्च २०२४ मध्ये ती बंद केली आणि लोकांना दुसऱ्या सेवेकडे जायला सांगितलं. ती काही छोटी कंपनी नव्हे. उलट मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या घरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली, तरी नंतर सक्रियकरणाची (कंपनीकडून ऑनलाइन चालू करून घेण्याची) गरज नसलेली आवृत्ती फुकट दिली आणि लोक आपल्या संगणकावर ती पुढे वापरू शकले. आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, आमच्या सर्व्हरला काही विचारत नाही, आणि सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतात. आम्ही उद्या दुकान आवरलं तरी तुमची फाइल उघडेल.

मोबाइल ॲप नाही, सध्या विचारही नाही.

खरेदीला तीस दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतील, कारण विचारणार नाही. बिल क्रमांक इथे लिहू नका, खरेदीच्या वेळी आलेल्या ईमेललाच उत्तर द्या. ठेवायचं ठरवलंत तर त्याच ईमेलवर बँकेचं नाव आणि रकान्यांची शीर्षकं तेवढी कळवा, रकाने जुळवून देते. स्टेटमेंट मात्र पाठवू नका.