विषय : चेंबरचं झाकण

इंदूरच्या नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, ८५ वॉर्ड, ८५ पार्षद (तुमच्याकडचे नगरसेवक). परिषदेचं सम्मेलन, म्हणजे सभा, भरते तेव्हा खुर्चीवर महापौर नव्हे, सभापती बसतात आणि प्रश्न विचारायचा हक्क पार्षदांचा. आपण फार तर प्रेक्षकांत बसून ऐकायचं, तेही तोंड मिटून. आम्हा रामबाग-लोकमान्यनगरच्या मराठी माणसांना हे निर्जळी एकादशीपेक्षा जड. आपला प्रश्न, मग तो गल्लीतल्या चेंबरच्या फुटक्या झाकणाचा का असेना, पार्षदाच्या तोंडून वदवायचा तर आधी लेखी द्यावा आणि त्याला सकाळी पोह्यांच्या गाडीवर गाठावं. पोह्यांवरचा जिरावन मसाला तोंडात असताना माणूस सहसा नाही म्हणत नाही.

नाहीतर आहेच मंगळवार, जनसुनवाईचा : साहेब समोर बसतात आणि लोकांचे अर्ज घेतात.

अर्ज एका पानाचा असावा. समोरचा साहेब वाचतो 'विषय'ची ओळ आणि तळाचा मोबाइल नंबर. मधला मजकूर आपल्या समाधानासाठी. पण आपला जीव नेमका त्या मधल्या मजकुरात! झाकण फुटलंय एवढंच सांगायचं असतं आणि सुरुवात होते, 'होळकरांच्या काळी ही गल्ली…' पान उलटेपर्यंत जेमतेम तुकोजीराव येतात, झाकण यायचंच असतं.

लिहायचं ते असं : वॉर्ड, झोन, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर ('काकूंच्या फाटकासमोर' नको, काकू सगळ्याच गल्ल्यांत असतात), झाकण गोल की चौकोनी, आणि माप. माप टेपनेच घ्या, विती मोजू नका. गोल झाकण कसंही फिरवलं तरी आपल्या भोकात पडत नाही. चौकोनी तिरपं झालं की कर्णातून सरळ आत. मग तक्रारी दोन होतात, एक वरची आणि एक आतली. फोटोही दोन : एक टेप ठेवून जवळून, दुसरा लांबून, दुकानाची पाटी दिसेल असा. रात्रीचा फोटो काढू नका, त्यात सगळं इंदूर भोकासारखंच दिसतं.

एका अर्जात एकच दुखणं. झाकण, दिवा आणि कुत्री एकत्र लिहिली की तीन खाती होतात, कागद मात्र एक. तो पहिल्या टेबलावर बसतो आणि कुत्री तिथं कुणाच्याच अखत्यारीत नसतात.

भाषेचा घोळ वेगळाच. 'तुंबलंय' याला हिंदी शब्द शोधण्यात आमची अर्धी दुपार जाते. 'भर गया है' म्हटलं की पाणी आनंदानं भरल्यासारखं वाटतं. उलट 'बिल में संशोधन किया जाएगा' असं उत्तर आलं की आजी धास्तावतात : तीनशे रुपयांवर संशोधन करणार? त्यांना कुणीतरी सांगावं, हिंदीत ती नुसती दुरुस्ती. अर्थात वेळ दोन्हींना सारखाच लागतो.

दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागचं हलू नका. पुढल्या मंगळवारी 'कौन-सा आवेदन?' याला दुसरं उत्तर नसतं. टेबलापुढे अर्धा मिनिट मिळतो. त्यातली वीस सेकंदं 'साहेब, तक्रार नाही, नम्र सूचना आहे' यात जातात, उरलेली दहा मागून 'नळाचंही सांग!' म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडे वळून बघण्यात.

एवढं जमलं नाही तर २०१४ पासून १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे. तिथं तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत अधिकाऱ्यांच्या पायऱ्या चढते. काम झालं की विचारणा होते, 'आप संतुष्ट हैं?' उत्तर हवं हो किंवा नाही. आता मराठी माणूस कधी नुसतं हो म्हणाला आहे? 'नहीं, मतलब, नहीं हुआ ऐसा नहीं, ढक्कन तो बैठा है, लेकिन…' पलीकडच्या मुलीनं तोवर तीन 'नहीं' मोजलेले असतात. झाकण चेंबरवर घट्ट बसलेलं आणि तक्रार एल-२ला पोचलेली.