बोटीवरच्या माणसाची टीम काढू नका

सकाळी डिचोलीहून पणजीला येताना कदंब बसमध्ये उभा होतो आणि आमच्या फॅन्टसी लीगच्या ग्रुपवर पोल पडला. ‘सलग चार गेमवीक ट्रान्सफर न करणाऱ्याची टीम लीगमधून काढावी का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. पणजीच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत ‘होय’वर टिकांची रांग लागली होती. नाव कुणाचंच नाही, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं. आमच्या लीगमध्ये असा माणूस एकच आहे आणि तो सध्या बोटीवर इंजिन रूममध्ये आहे, हे पोल टाकणाऱ्याला माहीत आहे, टिक करणाऱ्यांनाही माहीत आहे.

दिवसभर ऑफिसात गप्प राहिलो. आता लिहितो.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लिश प्रीमियर लीगच्या खेळाडूंमधून १०० मिलियनच्या खोट्या बजेटात १५ जण निवडायचे, एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. कॅप्टनचे दुप्पट. दर आठवड्याला, म्हणजे गेमवीकला, एक बदल, म्हणजे ट्रान्सफर, फुकट, त्यावर प्रत्येक जादा बदलाला चार गुण कापले जातात. त्याला हिट म्हणतात. आमच्या लीगमध्ये पैसे नाहीत, कधीच नव्हते. २०२५ च्या ऑगस्टात कायदा आला आणि पैशांचे फॅन्टसी खेळ बंद झाले तेव्हा आम्हाला काही फरक पडला नाही. मे महिन्यात जो शेवटचा येतो तो सगळ्यांना जेवण घालतो, एवढंच.

आता हा बोटीवरचा. २०२४ च्या ऑगस्टात साइन ऑन करायच्या, म्हणजे बोटीवर चढायच्या आधी त्यानं टीम केली ती माझ्यासमोर, साळगावला त्याच्या घरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर. पाऊस असा की समोरची गल्ली दिसत नव्हती. मांडीवर शाळेची शंभरपानी वही, मुलीची, मागच्या कोऱ्या पानांवर नावं. त्याची पद्धत साधी. पेनल्टी कोण मारतो ते आधी बघायचं. मग मॅनेजर कुणाला साठाव्या मिनिटाला बाहेर काढत नाही ते. तिसरं, क्लब युरोपात खेळतोय का? खेळत असेल तर बुधवारी थकलेल्याला शनिवारी बसवतात, तेव्हा शक्यतो नको. आणि बाकावरचे चारही जण खेळणारे हवेत, स्वस्त असले तरी, कारण अकरातला एखादा उतरलाच नाही तर बाकावरचा आपोआप आत येतो. चार मिलियनचा, क्लबच्या लोकांनाही न ओळखू येणारा पोरगा बाकावर ठेवून उपयोग काय?

लिव्हरपूलचा सलाह १२.५ मिलियनला होता. मँचेस्टर सिटीचा हालांड १५ ला. दोघे घेतले तर बाकीच्यांसाठी पैसे उरत नाहीत. मी म्हटलं, हालांड घे. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "सलाह पेनल्टी मारता मरे, आनी मॅनेजर ताका भायर काडिना. म्हाका आनीक कितें जाय?" फॉरेस्टचा ख्रिस वूड घेतला सहाला, त्यांचा गोली सेल्स साडेचारला. ब्रेंटफर्डचा एम्बुमो सातला. त्यांचा टोनी जाणार हे तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं, तो गेला की पेनल्टी एम्बुमोकडे. कॅप्टन सलाह, व्हाइस एम्बुमो. वही बंद. मुलीनं येऊन वही ओढून नेली, तिला त्यात चित्र काढायचं होतं.

पहिल्या पाच मॅचमध्ये हालांडनं दहा गोल मारले, त्यात लागोपाठ दोन हॅटट्रिक. ग्रुपवर काय काय चाललं होतं ते मी अजून ठेवलंय. "बोट बुडाली." "तारवट्याला (बोटीवरच्याला) कोणीतरी सांगा सिझन सुरू झालाय." वगैरे. सलाह हसत हसत गोल मारत होता, असिस्ट देत होता, पण त्याकडे लक्ष कुणाचं?

हसणारे तेव्हा काय करत होते तेही सांगतो, कारण आज तेच नियम शिकवतायत. मंगळवारी ट्रान्सफर. का? तर रात्री किंमत वाढेल. पहाटे सहाला उठून बघायचं, वाढली का. ०.१ साठी! बुधवारी त्याच खेळाडूचा गुडघा चॅम्पियन्स लीगमध्ये जातो, शुक्रवारी मॅनेजर पत्रकारांना सांगतो की तीन आठवडे नाही, आणि हे पुन्हा हिट घेऊन त्याला विकतात. बरं, वाढलेली किंमत विकताना पूर्ण मिळतही नाही. १२.५ ला घेतलेला १२.९ ला गेला तर हातात १२.७ येतात, अर्धा नफा गेम खातो. एवढं साधं गणित न कळता ही माणसं स्वतःला मॅनेजर म्हणवतात. उठसूट बदल, आणि मग ‘नशीबच फुटकं’.

आणि चार गुण म्हणजे थोडे वाटतात? फॉरवर्डचा एक गोल चार गुणांचा. हिट घेऊन आणलेल्या फॉरवर्डनं पहिला गोल मारला की तुम्ही फक्त शून्यावर येता.

७ डिसेंबर २०२४. ही तारीख आमच्या ग्रुपमध्ये कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. शनिवार. एव्हर्टन-लिव्हरपूल, गुडिसनवरची मॅच, आणि डॅरा वादळामुळे सकाळीच रद्द. आपल्याकडे दुपार. बदल करायची डेडलाइन तोंडावर. लोकांची जेवणं तशीच राहिली. सलाह खेळणार नाही, आता कॅप्टन कुणाला करू, कुणाला विकू, ग्रुपवर नुसती पळापळ. आज ज्यानं पोल टाकलाय त्यानं त्या दिवशी हिट घेऊन सलाहला विकलं. "आठवड्यापुरतंच," म्हणाला.

बोटीवरच्याला वादळाचा पत्ताच नव्हता. म्हणजे इंग्लंडच्या. तो हिंदी महासागरात कुठेतरी होता आणि इंटरनेट बंद. त्याचा कॅप्टन खेळला नाही, तेव्हा नियमानं दुप्पट गुण व्हाइसकडे गेले, आणि एम्बुमोनं न्यूकॅसलविरुद्ध आठव्या मिनिटाला गोल मारला. सलाहच्या जागी बाकावरचा आत आला. काहीही न करता त्याचा आठवडा आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा बरा गेला. काही दिवसांनी त्याचा मेसेज: "सलाह खेळूंक ना? बरें." बस.

‘आठवड्यापुरता’ विकलेला सलाह परत घ्यायला मात्र आमच्या साहेबांकडे पैसे पुरेनात. त्याची किंमत १३ च्या वर गेलेली आणि विकताना मिळालेले त्याहून कमी. २२ डिसेंबरला टॉटनहॅमला लिव्हरपूलनं त्यांच्याच मैदानावर ६-३ हाणलं, सलाहचे दोन गोल, दोन असिस्ट. त्या रात्री एक सदस्य ग्रुप सोडून गेला होता, दुसऱ्या दिवशी लिंक मागून परत आला. कोण ते सगळ्यांना माहीत आहे.

सिझन संपला तेव्हा सलाहचे ३४४ गुण झाले होते, या खेळात एका सिझनमध्ये कुणालाही मिळालेले सर्वाधिक. वूड वीस गोल, एम्बुमो वीस गोल. सेल्सनं आर्सेनलच्या रायासोबत गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वाधिक मॅच गोल न खाणाऱ्या गोलीचा मान, वाटून घेतला. वहीची मागची पानं!

हो, यंदा, २०२५-२६ ला, त्यानं मार खाल्लाय. १४.५ चा सलाह पुन्हा घेतला आणि नोव्हेंबरअखेर लिव्हरपूलनं त्यालाच बाकावर बसवला. चिप्सचा, म्हणजे एकेकदाच वापरता येणाऱ्या खास सवलतींचा, पहिला सेट १९ व्या गेमवीकच्या डेडलाइनआधी वापरायचा होता, तोही वाया गेला. मान्य. पण म्हणून माणूस काढायचा? मग ज्यांनी दुसऱ्याच गेमवीकला वाइल्डकार्ड, म्हणजे अख्खी टीम फुकट बदलायची चिप, उडवलं त्यांचं काय करायचं?

आणि आता पोलखाली नवीन काढलंय. "त्याची टीम तूच चालवतोस." हे वाचून माझी तार सटकली. माझ्याकडे त्याचा पासवर्ड नाही, कधी मागितलाही नाही. चालवत असतो तर चिप्स फुकट जाऊ दिले असते का? काहीही बोलायचं?

तो टीमला हात का लावत नाही ते सांगतो, त्याला आवडणार नाही तरी. बोटीवर त्यांना डेटाचं कूपन मिळतं, मोजकं. वॉच, म्हणजे पाळी, संपल्यावर हातांचं ग्रीस साबणानं जाईना तसे हात घेऊन तो वर येतो, आणि आधी घरी व्हिडिओ कॉल. मुलगी शाळेतलं काहीतरी दाखवते, वही कॅमेऱ्याला इतकी चिकटवते की दिसत काहीच नाही, हा म्हणतो, "वा, बरें जालां!" बायको सांगते नळाला पाणी नाही, आईची गोळी बदलली. तेवढ्यात कूपन अर्धं. उरलेल्यात कधी टीम उघडते, कधी नुसतं ते गोल चक्र फिरत राहतं. मागच्या खेपेला मला व्हॉइस नोट आली होती, मागे इंजिनचा धडधडाट, आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हता. विचारत होता, मोझांब... काहीतरी बंदराचं नाव, तिथं नेट मिळालं तर बघीन, डेडलाइन कधी आहे? त्यानंतर आठ-दहा सेकंद नुसतं इंजिन. मग, "आनी एफसी गोवा कितें करता?"

आपल्यातल्या किती जणांच्या घरचं कोणीतरी बोटीवर आहे, सांगा बघू. गोव्यात बार्देश-साष्टीत तर घरोघर. त्यांनी काय काय सोडलेलं असतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का?

गेमवाल्यांनाही आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे. २०२४-२५ पासून न वापरलेल्या ट्रान्सफर पाचपर्यंत साठवता येतात. यंदा सोळाव्या गेमवीकला आफ्रिका कपमुळे सगळ्यांनाच पाच भरून दिल्या. म्हणजे महिनाभर हात न लावता एकदम टीम नीट करायची सोय खुद्द खेळातच आहे. नियम करणारे थांबायला परवानगी देतात आणि आमचा अॅडमिन म्हणतो चार आठवडे थांबलास तर बाहेर! मॅनेजर व्हायचं की हजेरी मास्तर?

खरं सांगू? मला राग पोलचा नाही, या हावरेपणाचा आहे. २०२५ च्या २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाशी खेळायला सौदीची अल नस्र आली होती. त्यांचा रोनाल्डो आला नाही, ते सोडा, त्याचा सगळा राग तेव्हाच काढून झालाय. पण आपल्या ब्रायसन फर्नांडिसनं गोल मारला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं, माझ्या बाजूचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडलेला, आणि पलीकडच्या खुर्चीवर आमच्या लीगमधला एक जण फोनवर आज रात्री कुणाची किंमत वाढणार त्याचा तक्ता बघत होता. गोल हुकला त्याचा. ‘रिप्ले दाखवतील ना?’ असं मला विचारतो! आपल्या पोरानं, आपल्या मैदानावर, अल नस्रला गोल मारला आणि ह्याला रिप्ले.

माझे बाबा साळगावकर आणि धेंपो या गोव्याच्या क्लबांच्या मॅचच्या गोष्टी सांगतात. साळगावकरच्या ब्रह्मानंद शंखवाळकरनं एखाद्या दिवशी गोल खाल्ला म्हणून पुढच्या रविवारी लोकांनी गोली बदलला नव्हता. तो आपला गोली होता. आता एक पिवळं कार्ड, दोन मॅच गोल नाही, की ‘कचरा आहे, विकून टाक’. ज्याला विकतो त्याची मॅच बघितलेली नसते, ज्याला घेतो त्याचीही नाही. अॅपनं अंदाज दिला, कुठल्या तरी यूट्यूबवाल्यानं टीम दाखवली, झालं. म्हणून आमच्या लीगमध्ये निम्म्या लोकांचे दहा खेळाडू तेच. सगळे सारखेच असताना कसली चुरस आणि कसला आनंद?

हेड-टू-हेड लीगमध्ये, म्हणजे दर आठवड्याला दोन टीमची थेट लढत असते तिथं, बंद पडलेली टीम असली की तिच्याशी गाठ पडणाऱ्याला फुकट गुण मिळतात, हे खरं आहे. पण आमची हेड-टू-हेड नाही. आणि त्याची टीम बंद नाही, हळू आहे. दोन्हींत फरक आहे.

मी ‘नाही’वर टिक केली आहे. त्याला काढणार असाल तर माझीही टीम काढा, मला दुसरी लीग करायला पाच मिनिटं लागतात. आणि पोल टाकणाऱ्यानं कारण स्पष्ट लिहावं, कारण मी आज टेबल उघडून बघितलं. चिप्स वाया घालवून, सलाहचा फटका खाऊन, चार आठवडे हात न लावता बोटीवरचा अजून शेवटून चौथा आहे. तो गेला की त्याच्या खालच्यांना टोचणारं नाव टेबलावर उरत नाही. सगळ्यात खाली कोण आहे आणि यंदा सर्वाधिक हिट कुणी घेतलेत, तेही तिथंच दिसतं, एकाच नावासमोर.

मे महिन्याची तयारी ठेव, पोलवाल्या पात्रांव (साहेब). शागुती गावठी कोंब्याची पाहिजे, ब्रॉयलर चालणार नाही. आणि एक पान जास्त धर, तो मेच्या पहिल्या आठवड्यात साइन ऑफ करून घरी येतोय.