ह्यूगो पुरस्कार आणि बंद खोलीची थाप

सांगलीतल्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. ह्यूगो म्हणजे विज्ञानकथेचं नोबेल, अमेरिकेतले चार बडे प्रकाशक तो बंद खोलीत ठरवतात, 2023 साली चीनमध्ये हे पितळ उघडं पडलं आणि मराठीला तिथे दारच नाही, असा त्याचा सूर. फॉरवर्ड करणाऱ्यांत चांगली वाचणारी मंडळी आहेत, म्हणून हा खटाटोप.

नोबेलचं आधी उरकतो. नोबेलची रक्कम कोटींत असते, ह्यूगोत छदामही मिळत नाही. रॉकेटच्या आकाराचं सन्मानचिन्ह मिळतं, बस्स. 1953 पासून तो 'वर्ल्डकॉन' या चाहत्यांच्या संमेलनात दिला जातो.

आता बंद खोली. इथे परीक्षक मंडळच नाही. नामांकनं आणि मतं दोन्ही संमेलनाच्या सभासदांची. प्रत्यक्ष जायला हवं असंही नाही. मतदानापुरतं सभासदत्व साधारण 50 डॉलरना मिळतं. चार-साडेचार हजार रुपये ही काही किरकोळ रक्कम नव्हे, मान्य. पण विश्रामबागेत बसून मत देता येतं, शिवाय अंतिम यादीतल्या बऱ्याच साहित्याच्या ई-प्रती वाचायला मिळतात.

मोजणीची पद्धत तर पुणे पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्या आपल्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. पसंतीचे आकडे टाकायचे. तळाचा बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. यादीत 'पुरस्कार कुणालाच नको' हाही पर्याय असतो, आणि तो आपल्या 'नोटा'सारखा शोभेपुरता नाही. तो चक्क जिंकतो! 2015 मध्ये काही गटांनी संगनमताने आपली नावं नामांकनांत घुसवली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत पुरस्कारच दिला नाही. 2017 पासून नामांकनं मोजायची रीतही बदलली, म्हणजे अशा टोळीला सगळ्या जागा बळकावता येऊ नयेत.

चीनमधल्या चेंगडूच्या वर्ल्डकॉनमध्ये 2023 साली घोटाळा झाला, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. आर. एफ. कुआंग यांची 'बेबल' ही कादंबरी कारण न देता अपात्र ठरवली गेली. पण हे कळलं कसं? सविस्तर आकडेवारी जाहीर करावी लागते म्हणून. जानेवारी 2024 मध्ये ती बाहेर आली आणि चाहत्यांनीच ती चिरफाडून काढली. त्याच वर्षीच्या ग्लासगो वर्ल्डकॉनच्या आयोजकांनी 377 संशयास्पद मतं बाद केली आणि निकालाआधीच तसं जगजाहीर केलं. बंद खोलीतले लोक असा हिशेब चव्हाट्यावर मांडतात होय?

राहिली मराठी. नियमात भाषेची अट नाही. उलट इंग्रजीखेरीज इतर भाषेतलं लेखन मूळ प्रकाशनाच्या वर्षी पात्र असतंच, आणि इंग्रजी अनुवाद पहिल्यांदा निघाला की त्या वर्षी पुन्हा पात्र ठरतं. ल्यू त्सिशिन यांची चिनी कादंबरी 2015 मध्ये अनुवादामुळेच जिंकली. चेंगडूत तर हाय या यांची चिनी कथा जिंकली, कारण चिनी वाचक सभासद झाले होते. मराठी विज्ञानकथांचे चांगले इंग्रजी अनुवाद इतके कमी का, यावर मात्र कुणी मजकूर लिहिलात तर मी स्वतः तो सगळ्या ग्रुपांवर टाकेन.