टॅग फाइलमध्येच लिहून ठेवा

घरचे डिजिटल फोटो नीट लावून ठेवण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय की वर्षावार फोल्डर केले की काम झालं, पण तीस-चाळीस हजार फोटो झाले की फोल्डर पुरत नाहीत हो, एकच फोटो 'आजी'मध्ये पण हवा असतो आणि 'लग्न'मध्ये पण, मग माणूस कॉपी करत सुटतो आणि डुप्लिकेटचा नुसता ढीग होतो. टॅगला, म्हणजे फोटोला 'आजी', 'लग्न' अशा नावाच्या चिठ्ठ्या लावण्याला, पर्याय नाही. पण टॅग कुठे सेव्ह होतात ते आधी बघा!! मी एका प्रोग्रॅममध्ये दोन वर्षं रोज रात्री बसून नावं टाकली, ती सगळी त्याच्या डेटाबेसमध्येच राहिली, कॉम्प्युटर बदलला आणि सगळं पाण्यात.

आता डिजीकॅम नावाचं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरतोय, फुकट आहे, विंडोज लिनक्स मॅक सगळीकडे चालतं. त्यात सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) भागात जाऊन टॅग आणि कॅप्शन थेट फाइलमध्ये लिहायचा पर्याय चालू करा, रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) असतील तर शेजारी टॅग ठेवणारी छोटी एक्सएमपी फाइल करायला सांगा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी (गूगलचं फोटोंचं सॉफ्टवेअर पिकासा २०१६ मध्ये बंद झालं ते आठवतंय ना) कष्ट वाया जात नाहीत.

डिजीकॅमचं चेहरे ओळखणं बरं आहे, पण माझ्या दोन्ही आत्यांना ते अजून एकच समजतं, तसं आम्हीही लहानपणी गोंधळायचोच म्हणा.

आणि हो, स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख हाताने बदला, नाहीतर आजोबांचा मुंजीतला फोटो स्कॅन केला त्या वर्षात जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांचं तर विचारूच नका, मूळ तारीख उडालेलीच असते.