‘कुत्री शेल्टरला पाठवा’ : दिवाळीच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय. सोसायटी, भिशी, योगा क्लास, मुलीच्या वर्गातल्या आया आणि भावकी. वर दोन पणत्या, खाली जोडलेले हात, मध्ये मजकूर: नाशिककरांनो, या दिवाळीत मुक्या जीवांसाठी एवढं कराच. गल्लीतली कुत्री दिवाळीपुरती शेल्टरला पाठवा, तिथे सरकारी अनुदान असतं आणि जागा भरपूर. फटाक्यांची त्यांना दोन दिवसांत सवय होते, फार काळजी नको. उरलेला फराळ फेकू नका, शेल्टरला द्या. गावाला जाताना घरचा कुत्रा तिथे ठेवा, फुकट सांभाळतात. पाडव्याला मुलांना पिल्लू भेट द्या. आणि नसबंदीने काही होत नाही, त्यापेक्षा कुत्री गावाबाहेर सोडलेली बरी.

मेसेज वाईट मनाने लिहिलेला नाही, हीच पंचाईत आहे. तसा असता तर ग्रुप म्यूट करून मी चकल्यांना लागले असते. पण भिशीतल्या मावशींनी, ज्या रोज सकाळी खालच्या काळूसाठी पोळी बाजूला काढतात, त्यांनी तो मनापासून पुढे ढकललाय. मी काही वर्षं रविवारी शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये जाते. डॉक्टर वगैरे नाही. पिंजरे धुते, भात शिजवते, मलमपट्टी चालू असताना तोंड धरते. तिथून जे दिसतं ते लिहिते. क्रम मेसेजचाच ठेवते, लांबी माझ्या मर्जीने.

पहिला मुद्दा, गल्लीतली कुत्री शेल्टरला पाठवायची. ‘जागा भरपूर’ हे कुठून आलं कोण जाणे. आमच्याकडे एक पत्र्याची शेड, काही पिंजरे आणि मागे आजारी जनावरांसाठी वेगळी खोली आहे. ते सगळं दिवाळीच्या आधीच भरलेलं असतं. हायवेवर कंबर मोडलेली, आंधळी, खरजेने केस गेलेली, म्हातारपणी घरातून काढलेली. अशा ठिकाणी तुमचं धडधाकट कुत्रं आणून सोडलं तर ते सुरक्षित होत नाही, उलट संकटात पडतं. कारण पार्व्हो. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, आणि फरशीत, मातीत, चपलेच्या तळव्यात महिनोन् महिने जिवंत राहतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही, ब्लीच लागतं. गर्दी वाढली की धुण्यात कुठेतरी कसूर राहतेच.

दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीला एक रिक्षा गेटवर थांबली. आत एक कुत्री आणि तिची तीन पिल्लं, भाजीच्या क्रेटमध्ये. ‘इंदिरानगरमधून आणलीत, आमच्याकडे फार फटाके वाजतात,’ असं म्हणून माणूस शंभराची नोट देऊन गेला. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, आणि भाऊबीजेला पहिल्या पिल्लाने दूध सोडलं. पार्व्होचा जुलाब एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. रक्ताचा, कुजका, गोडसर वास. सलाईनची बाटली खिळ्याला टांगून आम्ही आळीपाळीने बसलो. तिघांतलं एक वाचलं. इंदिरानगरच्या जिन्याखाली ती पिल्लं चार रात्री घाबरली असती, इतकंच.

दुसरी गोष्ट कुत्र्याच्या बाजूची. गल्लीतल्या कुत्र्याला गल्ली म्हणजे घर. कोणत्या गाडीखाली ऊब मिळते, कोणत्या वहिनी भाकरी देतात, कुठल्या गेटपाशी दुसऱ्या टोळीची हद्द सुरू होते, हे सगळं त्याला तोंडपाठ. उचलून नेलं की तो परत यायला निघतो आणि अनेकदा रस्त्यात मरतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही हेच ठेवलं, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळून. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आणि पुन्हा तिथे न सोडायचा आदेश आला. ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांचं. भिशी ग्रुपने रिक्षा करून उरकायचं नाही.

अनुदानाचं एका वाक्यात सांगते. महापालिका जे पैसे देते ते नसबंदीच्या ठेक्याचे, दर कुत्र्यामागे ठरलेले. कंबर मोडलेल्या कुत्र्याच्या भाताचे, औषधांचे पैसे देणगीतूनच यावे लागतात. द्यायचेच असतील तर ऑनलाइन द्या आणि पावती मागा. देणगीवरच्या करसवलतीत रोख २,००० रुपयांपर्यंतच धरतात, आणि नवीन कररचना घेतली असेल तर ती सूटही नाही. म्हणजे पुण्यच पदरात पडेल, त्यावर समाधान माना.

आता फटाक्यांची सवय. सवय होत नाही, बऱ्याच कुत्र्यांत भीती दरवर्षी वाढत जाते. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. फटाक्याला कायद्याने मुभा आहे ती चार मीटरवर १२५ डेसिबलची. सिडकोच्या बोळात चार मीटर म्हणजे समोरच्यांचा ओटा. लवंगीची माळ दोन भिंतींमध्ये कशी घुमते ते तिथे राहणाऱ्याला विचारा.

मावशींचा काळूच घ्या. गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री साडेनऊला कोणीतरी पार्किंगच्या तोंडाशी सुतळी बॉम्ब लावला. काळू माझ्या स्कूटरखाली होता. मी वाकून पाहिलं तर डोळे पांढरे, जीभ बाहेर, आणि थरथर इतकी की स्टँडवरची गाडी हलत होती. मी हात पुढे केला आणि तेवढ्यात दुसरा फुटला. तो माझ्या हाताखालून सुटला तो थेट गेटबाहेर. तीन दिवसांनी पाथर्डी फाट्याजवळच्या एका चहावाल्याकडे सापडला, पायाच्या गाद्या सोललेल्या. सापडला तो गळ्यातल्या पट्ट्यामुळे, त्यावर मार्करने सोसायटीच्या वॉचमनचा नंबर होता. नाहीतर पाथर्डी फाट्याला तो कोणाचाच नव्हता.

त्यामुळे करायचं ते असं: गल्लीतल्या कुत्र्याला आत्ताच नंबर लिहिलेला पट्टा घाला. जिन्याखाली एक कोपरा मोकळा करा, जुनं बारदान टाका, पाणी ठेवा, आणि चार रात्री जिन्याचं दार लावू नका. त्याला ओढून आत आणू नका, तो आपणच येतो. घरच्या कुत्र्यासाठी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. फिरवून आणायचं ते संध्याकाळी लवकर, दिवे लागायच्या आत. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याने सांगितल्या म्हणून देऊ नका. काही औषधांनी कुत्रं हलत नाही पण भीती तशीच राहते, म्हणजे हातपाय बांधून घाबरवल्यासारखं. आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, शेपटीला माळ बांधणारी पोरं अजून आहेत. प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पोरांच्या बापाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फराळाचा मुद्दा आपल्या नाशिककरांसाठी जरा जास्तच महत्त्वाचा. आपण द्राक्षांच्या गावचे. बेदाणे आपल्याकडे चिवड्यात, रव्याच्या लाडवात, शिऱ्यात, मुठीमुठीने पडतात. आणि द्राक्ष असो की बेदाणा, कुत्र्याची किडनी निकामी करू शकतो. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही, म्हणून ‘एक लाडू काय करतोय’ हा युक्तिवाद चालत नाही. चॉकलेटही विषच. तळलेल्या शेव-चकल्यांनी पोट बिघडतं, आणि जुलाब झालेली वीस कुत्री म्हणजे काय ते सकाळी पिंजरे धुणाऱ्याला कळतं. मांजराच्या पिल्लांना गायीचं दूध पाजायचं हौशी पुण्यही तसंच, पचत नाही.

शेल्टरला चालतं ते फार साधं आहे: तांदूळ, अंडी, जुन्या चादरी, गोधड्या, रद्दी, बारदान. रद्दी तर सोन्यासारखी लागते. पिशवी भरून फिनाईल आणू नका, मांजरं असतात तिथे ते घातक ठरतं. ब्लीच आणा. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघालेली रजई, जी तुम्ही भंगारवाल्याला देणार होतात, ती गेटवर नुसती ठेवून गेलात तरी आम्ही ओवाळू.

घरचा कुत्रा सुट्टीपुरता शेल्टरला ठेवायचा, हा मुद्दा लिहिताना माझा हात जरा जड होतो. शेल्टर हे पाळणाघर नाही. पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी बोर्डिंगं वेगळी, तिथे लसीचं कार्ड बघतात आणि दिवाळीचं बुकिंग आधीच संपतं. ते जमलं नाही की लोक आमच्या गेटवर येतात. काही परत घ्यायला येतात. काही येत नाहीत.

एकदा भाऊबीजेनंतरच्या सकाळी गेटला नायलॉनच्या दोरीने बांधलेला लॅब्राडॉर होता. शेजारी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि शाळेच्या वहीचं पान: ‘नाव ब्रुनो. स्वभावाने चांगला आहे.’ अक्षर मुलाचं. ब्रुनो दोन दिवस जेवला नाही. भात समोर, लाळ गळतेय, पण तोंड लावत नाही. डॉक्टरांनी तपासलं, ताप नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी पिंजरे धुणारा आमचा पोरगा वैतागून म्हणाला, ‘खा ना आता!’ आणि ब्रुनोने भांडं चाटून पुसून रिकामं केलं. घरी त्याला शिकवलं होतं, सांगितल्याशिवाय खायचं नाही. कोणीतरी महिनोन् महिने बसून शिकवलं असणार. पानावर तेवढं लिहायचं राहिलं.

पाळलेला प्राणी असा टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हाचे आकडे तसेच राहिलेत. त्यामुळे कायद्याची भीती मी घालत नाही, कॉलेज रोडला त्यापेक्षा महाग वडापाव मिळतो.

उलटं मात्र करता येईल. तुम्ही दिवाळीत घरीच असाल तर शेल्टरमधलं एखादं लस झालेलं, शांत, म्हातारं कुत्रं पाच दिवस घरी न्या. लेकी येतात तसं त्याला माहेरपण. आमच्याकडे तेवढा एक पिंजरा रिकामा होतो आणि अपघाताच्या केसला जागा मिळते. फटाक्यांनी बिथरून गाडीखाली आलेली कुत्री याच दिवसांत येतात, आणि थर्टी फर्स्टला पुन्हा.

पाडव्याचं पिल्लू: नको. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमानेच बंदी आहे, आणि त्याला घरात आणण्यासाठी वर्षातले सर्वांत कर्कश चार दिवस निवडायचे, यात भेट कोणाला आहे? हौस असेल तर तुळशीच्या लग्नानंतर, सगळ्या घराने मिळून, शेल्टरमधून, आणि मोठं झालेलं आणा. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

राहिली नसबंदी. ‘काही होत नाही’ हे अर्धं खरं आहे. अर्धवट केली तर खरंच काही होत नाही. दहा कुत्र्या पकडून चारच केल्या तर उरलेल्या सहा वर्षातून दोनदा माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांत विणतात. वॉर्ड पूर्ण करायचा, मग पुढचा, असं झालं तरच आकडा हळूहळू खाली येतो. चावण्याचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या स्वतःच्या पोटरीवर खूण आहे. चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. शहरातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते. कानाला खाच दिसली की समजायचं, याची नसबंदी झालीय. असं कुत्रं तुम्ही गावाबाहेर सोडता तेव्हा वॉर्डातलं लस घेतलेलं कुत्रं कमी होतं आणि त्याच्या जागी बाहेरचं, बिनलसीचं येतं.

आणि गावाबाहेर म्हणजे नक्की कुठे? विल्होळीच्या पुढे हायवेला? तिथे ट्रक आहेत. निफाडकडे, उसाच्या कडेला? तिथे बिबट्या आहे, आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाणं. ज्याच्या वस्तीवर तुम्ही ही मेजवानी सोडून येता त्या शेतकऱ्याची पोरं संध्याकाळी त्याच बांधावरून घरी जातात. बिबट्या शहरातही शिरतो हे नाशिककरांना सांगायला नकोच.

मेसेजच्या शेवटी एकाने जोडलंय, ‘आधी माणसं बघा’. बघतेच. ज्यांच्या दारात भात मागायला मी जाते ते बहुतेक दोन्हीकडे देतात.

हे सगळं काल मावशींना फोनवर सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. काळूचा पट्टा नवा आणते म्हणाल्या, बारदान किराणा दुकानातून मिळेल म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘अगं, पण मी शेल्टरसाठी म्हणून पन्नास रव्याचे लाडू वळून ठेवलेत. भरपूर बेदाणे घालून. त्यांचं काय करू?’

म्हटलं, मी येते न्यायला.