तडा मे महिन्यातच का नाही भरला?

भाऊ, "फटीत भुसा अन् फेव्हिकॉल भरला असता तर मे महिन्यातच काम खतम. काहून दिवाळीपर्यंत गिटार अडवून ठेवली? वरून मेलामाइनचं पॉलिश मारा, स्टीलच्या तारा लावा, आवाज तरी निघेल," असं तुम्ही लिहिलंत. जुनी म्हणजे भारी हा निव्वळ भ्रम, असंही म्हणालात. ते सोळा आणे मान्य. ही वालेन्सियाच्या कारखान्यातली साधी गिटार आहे, कुणा मोठ्या कारागिराच्या हातची नाही.

पण नागपुरात मे महिन्यात तडा भरायचा म्हणजे पुढच्या तड्याची सोय करायची. पारा ४५च्या वर गेला की हवेतली ओल संपते आणि लाकूड आटतं. आटतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. वरची स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची फळी जेमतेम अडीच मिलिमीटर जाड, तिला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्या पट्ट्या तिला आटू देत नाहीत, म्हणून ती लाकडाच्या रेषेवर फाटते. त्याच फटीत भुसा ठासला, तर पावसाळ्यात फुगलेल्या फळीला जागाच उरत नाही. मग ती वर येते, नाहीतर शेजारी चिरते.

म्हणून तडा आधी मिटू द्यायचा. मेमध्ये आत बल्ब सोडला तर बाहेरून उजेडाची ठसठशीत रेघ दिसायची. पाऊस सरला, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आली, तेव्हा ती रेघ केसाएवढी राहिली होती. ऐन जुलैतही चिकटवायचं नसतं, कारण फुगलेलं लाकूड पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटतं. मग गरम सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, अंगठ्याने चोळत आत उतरवला, आतून स्प्रूसचे चकतीएवढे तुकडे आडव्या रेषेत लावले. ध्वनिछिद्रातून हात घालून, आरशात उलटं बघत. मान अवघडते, बाकी काही नाही.

फेव्हिकॉल कपाटाला उत्तम. पण तो लाकडात एकदा मुरला की त्या जागी दुसरा डिंक धड बसत नाही. सरस ऊब आणि पाण्याने सुटतो, जुन्यावर नवा धरतो. इथल्या हवेत ही गिटार कधी ना कधी पुन्हा उघडावी लागणारच, मग उघडता येईल असंच का जोडू नये? लाखेच्या पॉलिशचंही तेच. ओरखडा पडला तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा नवा हात जुन्यात मिसळतो. मेलामाइन काढायचं तर घासावं लागतं, आणि अडीच मिलिमीटरमधलं घासणार किती? लाख तर आपल्याच गोंदियाकडे पळसावर होते.

स्टीलच्या तारांवर मात्र मी अजिबात ऐकणार नाही. १९व्या शतकात तोर्रेस या स्पॅनिश गिटार-कारागिराने फळीखालच्या पंख्यासारख्या पट्ट्यांची जी मांडणी रूढ केली, ती आतड्याच्या तारांसाठी होती. नायलॉन आलं १९४०च्या दशकात, त्याचाही एकूण ताण साधारण ४० किलो. स्टीलचा ७०च्या पुढे जातो. शिवाय स्पॅनिश पद्धतीत गिटारची मान आणि खोका एकातच बांधलेले असतात. मान पुढे झुकली तर ती सोडवून परत बसवायची सोय नाही.

तुमच्याकडच्या क्लासिकल गिटारला स्टील लावलंय, असं शेवटी लिहिलंत. आजच तारा सैल करा आणि ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा बांधतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागद सरकतो का ते पाहा. सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय. नवीन नायलॉन चढवायच्या आधी तो नीट चिकटवून घ्या.